‘रोशनदान’मधली तुळजा

जालना,
७ बहमन १३४७ फसली

राजमान्य राजेश्री बद्रीनाथराव, मुक्काम टेंभुर्णी, यांसी मेहुणा राधाकिसन याचा रामराम पोचावा.

इकडे सर्व खुशाल आहे. सर्व म्हणजे मी एकटाच आहे, आणि मी खुशाल आहे. तिकडे मातोश्रींचे गुडघे कसे आहेत? थंडीत तेल चोळून घ्या म्हणावं, वैद्याच्या पुड्यांवर भरवसा ठेवू नये. तुमच्या तांबड्या बैलाच्या खांद्याची सूज उतरली असेलच. ज्वारी कशी आहे, कापसाची वेचणी कुठवर आली, तेही कळवावं. (मागल्या कार्डाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. का दिलं नाहीत ते आता मला समजलं आहे. त्यावर पुढे येतो.)

हे पत्र तुमच्या बहिणीसाठी आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते आधी मनातून काढून टाका. ती दिवाळीला माहेरी आली, तुळशीच्या लग्नापर्यंत परतते म्हणाली होती. तुळशीची लग्नं लागून महिना होत आला. इंद्रभान गाडीवानाला धाडलं तर गाडी रिकामी परत आली, आत फक्त चकल्यांचा डबा. निरोप काय, तर ‘लिहिणं पुरं झाल्यावर बघू.’ ठीक आहे. मी काही तिच्यावाचून अडून बसलेलो नाही. भाकरी मला येते. (तिला गोल म्हणावं असा आग्रह कोणी धरू नये.) चकल्या संपल्या, हे आपलं माहितीसाठी. तेव्हा तिनं यावं की राहावं, हे तिचं ती बघेल. मी लिहितो आहे ते अमतुलबी नावाच्या बाईपासून तुम्हाला सावध करण्यासाठी. तुमच्या घरात आणखी तीन बायका आहेत, आणि या बाईचं मासिक टपालानं टेंभुर्णीपर्यंत पोचतं.

ही बाई कोण, ते मुळापासून सांगतो. आम्हाला उर्दू-फारसी शिकवणारे मौलवीसाहेब तुम्हाला आठवत असतील. (आमच्या लग्नात पान खाऊन खाऊन ज्यांची दाढी लाल झाली होती, ते.) अमतुलबी ही त्यांची एकुलती एक मुलगी. मौलवीसाहेब आम्हाला ओसरीवर शिकवत आणि ती आत पडद्यामागे बसून भाजी निवडायची. भाजी कसली, आमच्या चुका निवडायची. कोणी मोठ्यानं धडा वाचू लागला की आतून आवाज यायचा, ‘अब्बा, तो चुकला.’ तो आवाज मी अकराव्या वर्षापासून ओळखतो. चेहरा आजवर पाहिलेला नाही आणि बघायची हौसही नाही. नुसता आवाज ज्या बाईचा एवढा छळतो, तिचा चेहरा कोणी कशाला बघावा? माझं अक्षर मात्र सगळ्या पोरांत उजवं. मौलवीसाहेब म्हणत, राधाकिसन, अक्कल तुला बेताचीच आहे, पण हात देवानं दिलाय. त्या हातावरच मी कुणब्याचं पोर तहसील कचेरीत नकलनवीस झालो, हे तुम्ही जाणताच.

पुढे तिचं लग्न परतूरच्या एका आबकारी जमादाराशी झालं. बिचारा तीन वर्षांत वारला. (लोक तापानं म्हणतात. मी काही म्हणत नाही.) बाई माहेरी परतली ती दोन जड पेट्या घेऊन. गल्लीला वाटलं दागिने असतील; निघाली पुस्तकं. आता विधवेनं जपमाळ ओढावी, लोणची घालावीत, बापाला जेवू घालावं, की नाही? हिनं पहिल्याच महिन्यात हैदराबादच्या एका अखबाराला मजकूर धाडला. विषय काय, तर या लायनीवरच्या एका स्टेशनावर (नाव कशाला घेऊ) बायकांच्या वेटिंग रूममध्ये मास्तर शेळ्या बांधतो आणि बायका बाहेर उन्हात बसतात. यात छापण्यासारखं काय आहे, सांगा. शेळ्या तरी बोकड होत्या का? त्या स्टेशनाबद्दल आम्ही कचेरीतल्या मंडळींनी चार वर्षांत सहा अर्ज केले होते, सगळे माझ्या अक्षरात. हिचं चार बोटं छापून आलं आणि आठ दिवसांत शेळ्या हलल्या. तेव्हापासून बाईचे पाय जमिनीला लागेनात. मग बुरखा घेऊन, टांग्याला चादर बांधून, ती कापसाच्या एका जिनात गेली. तिथं मजूर बायका तान्ही पोरं कापसाच्या ढिगातच निजवतात, ती पोरं तासाला किती वेळा खोकतात, हे मोजून आली. खोकला मोजणारी बाई तुम्ही ऐकली होती का कधी? पोरांसाठी तिथं आता पत्र्याचं निराळं छप्पर झालं आहे, ती गोष्ट वेगळी.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःचं मासिक काढलं. नाव ‘रोशनदान’. रोशनदान म्हणजे भिंतीत उंचावर ठेवलेला झरोका; त्यातून उजेड कमी आणि चिमण्या जास्त येतात. मासिकाला सरकारची इजाजत लागते. त्या अर्जात एक रकाना असतो, की अर्जदार औरत असल्यास तिचा सांभाळ कोण करतो. मौलवीसाहेब तेव्हा नुकतेच गेले होते. हिनं त्या रकान्यात लिहिलं, ‘अल्लाह, आणि त्यानंतर मी स्वतः.’ तो कागद कचेरीत आम्ही बारा जणांनी वाचला आणि बाराही जण हसलो, तरी इजाजत मिळालीच. मग आम्ही गावातल्या शहाण्या लोकांनी एक अर्ज केला, की या मासिकानं बायका बिघडतात, सबब बंद करावं. एक्केचाळीस सह्या झाल्या. हिंदूंच्याही, मुसलमानांच्याही, असा एकोपा मी जालन्यात दुसऱ्या कशावर पाहिला नाही. अर्ज मीच लिहिला, आणि खोटं कशाला बोलू, तेवढं देखणं अक्षर माझ्याच्यानं पुन्हा निघणार नाही. बाईनं काय करावं? तो अर्ज कुठून तरी मिळवला आणि एक्केचाळीस नावांसकट पुढल्या अंकात जसाच्या तसा छापला. खाली दोन ओळींची टीप: ‘अर्जातला मजकूर बघण्यालायक नाही, अक्षर आहे. ज्यानं लिहिला त्यानं येऊन भेटावं. आम्हाला कातिब पाहिजे.’

मी गेलो. खडसावायलाच गेलो होतो, पण कातिब होऊन परतलो. कातिब म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्या बाळबोधीत ही भानगड नाही. उर्दू मासिकाला खिळे जुळवत बसत नाहीत. सगळा मजकूर एका माणसानं पिवळ्या कागदावर हातानं लिहायचा, तो कागद दगडावर दाबायचा, अक्षर दगडावर उतरतं, आणि दगडावरून पाचशे प्रती निघतात. कचेरीत मी इतकी वर्षं जमिनीच्या नकला करत आलो. त्या बस्त्यात बांधतात आणि वाळवी वाचते. इथं पाचशे घरांत माझं अक्षर जाणार होतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? (सरकारी नोकराला हे काम मना आहे. तहसीलदारसाहेबांच्या कानावर गेलं तर माझ्या जागी उद्या दुसरा बसेल. तेव्हा हे पत्र वाचून चुलीत घालावं.) रोज संध्याकाळी घरी बसून मी लिहितो, आणि जुम्याला कचेरीला सुट्टी असते तेव्हा मागल्या दारानं नेऊन देतो. ती चिकाच्या (बांबूच्या काड्यांच्या) पडद्यामागे बसते, भिंग लावून ओळ न् ओळ तपासते, आणि पस्तिशी उलटली तरी आतून तोच सूर, ‘हे चुकलं.’

मी लिहिलेल्या पहिल्याच अंकाला आमचं वाजलं. ज्या बायका लिहितात त्यांची नावं छापायची म्हणे! आपल्या बायकोचं नाव परक्या पुरुषानं वाचावं, ही कुठली रीत? घरंदाजपणे ‘अमुकसाहेबांच्या घरातून’ किंवा ‘तमक्याची वालिदा’ असं लिहावं, आणि मी तसंच लिहिलं होतं. तिनं कागद परत केला. म्हणाली, ‘ज्याचं डोकं, त्याचं नाव.’ दुसरा नियम असा, की लेखिकांचे मूळ कागद कातिबाला दाखवायचे नाहीत; का, तर हस्ताक्षर ओळखून तो घरोघर चुगल्या करील. (माझ्यावर एवढा विश्वास!) ती स्वतः नकल करून देते, आणि मराठी लेख आला तर उर्दूत उतरवून देते. मराठी तिला चांगलं येतं. गल्लीत हळदीकुंकवाला जाऊन बसते. मी कचेरीत असताना माझ्याही घरी येऊन बसत होती, हे मला अगदी आत्ता कळलं.

तर दसऱ्याच्या सुमारास तिनं मला एक लेख दिला. मथळा ‘आमच्या घरचे तहसीलदार’, लेखिका ‘तुळजा, मूळ गाव टेंभुर्णी’. बद्रीनाथराव, राग बाजूला ठेवून सांगतो, असा मजेदार लेख माझ्या हातून दुसरा गेला नाही. एक नवरा आहे. कचेरीत उंदीर आणि उंबरा ओलांडला की तहसीलदार. बायकोनं सुईदोरा मागितला तरी म्हणतो दरखास्त कर, आणि लगेच ‘नामंजूर’ म्हणून मोकळा होतो. साखरेच्या डब्याला कुलूप, किल्ली करगोट्याला. सकाळी शेरवानी चढवून आरशापुढे सलामाचा सराव करतो. बायको तीन दिवस तापानं फणफणली तर हा दारात उभा राहून विचारतो, चहाचं कसं? सतरा वर्षांत तिला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. ‘अगं’, ‘ऐकलं का’ आणि ‘कुठं मेली’ अशी तीन नावं पाळीपाळीनं चालवतो. मी लिहिता लिहिता इतका हसलो, की हात हलून दोन पिवळे कागद वाया गेले. तुमची बहीण समोरच शेंगा सोलत बसली होती. तिलाही दोनचार वाक्यं मराठीत करून सांगितली. म्हणालो, बघ, असेही नवरे असतात. ती मान खाली घालूनच म्हणाली, ‘असतेत की.’ लेखाच्या शेवटी बोटभर जागा उरली, तिथं मी आपल्या मनानं एक छोटं कुलूप काढलं, अगदी हुबेहूब. (नमुना फडताळात समोरच होता.) आणि त्या नवऱ्याची मला इतकी कीव आली, की त्याच आठवड्यात मी तुम्हाला कार्ड टाकलं: तुमच्या गावची ही तुळजा कोण, तिच्या नवऱ्याला सावध करा, बिचाऱ्याची सगळ्या जिल्ह्यात शोभा होणार आहे.

दिवाळीनंतर अंक निघाला. कचेरीत दुपारच्या वेळी पेशकारसाहेबांनी तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसत होते आणि माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. तेवढ्यात आमचा पट्टेवाला पुंजाराम पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. तो तुमच्याच गावचा, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. लेखिकेचं नाव ऐकून तो उभाच राहिला. म्हणाला, ‘साहेब, आमच्या गावात लिहिता येणारी तुळजा एकच. बद्रीनाथरावाची बहीण. ती तर राधाकिसनरावाच्याच घरी दिल्ती की.’ मी म्हणालो, माझ्या बायकोचं नाव गोपिकाबाई. तर तो म्हणतो, ‘ते तुमी ठिवलेलं झालं. मंग त्याच्या आधी तिला नावच नव्हतं का?’ पेशकारसाहेबांनी चष्मा पुसला आणि लेख पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. या खेपेला प्रत्येक वाक्यानंतर ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून कचेरीत मी सुट्टी मागितली तरी कोणी तरी मागून ‘नामंजूर’ म्हणतं.

यात दोष तुमचा आहे. चुलीच्या राखेत काडीनं तिला अक्षरं तुम्हीच शिकवलीत. लग्नात माझ्या आईनं नाव बदललं. पहिलं नाव मी त्या गडबडीत एकदा ऐकलं असेन नसेन. तुमच्या घरी लहानथोर सगळे तिला ‘बाई’ म्हणतात. मग मला कळावं कुठून? आंदण दिलेल्या गाईचं नाव चंद्री होतं हे मला आजही पाठ आहे, कारण ते तुम्ही दोनदा नीट सांगितलं होतंत.

मी कचेरीतून तडक अमतुलबीच्या ओसरीवर गेलो. म्हटलं, आज या बाईचा बंदोबस्त करायचाच. पडद्याकडे तोंड करून पाऊण घटका बोललो. विश्वासघात म्हणालो, घरफोडी म्हणालो, मौलवीसाहेबांच्या नावाला काळिमा म्हणालो. मला वाटलं, बाई रडत असावी. शेवटी मी म्हणालो, माझ्या बायकोचं हे नाव मला माहीत असतं तर मी या लेखाला हात लावला नसता. तेव्हा आतून आवाज आला, अगदी शांत: ‘बायकोचं नाव माहीत नव्हतं, हे तुम्ही कातिब म्हणून सांगताय की नवरा म्हणून? कातिब म्हणून असेल तर चूक नाही. नवरा म्हणून असेल तर लिहून द्या, पुढल्या अंकात घेते.’ याला उत्तर तुम्हाला सुचत असेल तर कळवा. मी राजीनामा लिहिला, पडद्याखालून सरकवला आणि तिथून निघालो. त्या घराशी माझा संबंध तिथं संपला.

तेव्हा सांगायचं ते एवढंच, की सावध असा. अशी बाई आधी शेळ्या सोडवते, मग पोरांचा खोकला मोजते, आणि एक दिवस तुमच्या फडताळापर्यंत पोचते. घरात दौत-टाक असेल तर उंचावर ठेवावा. मातोश्रींस दंडवत, लहानांस आशीर्वाद.

आपला,
राधाकिसन

ता. क. राजीनाम्याचं वर लिहिलं आहे ते खरं आहे. मात्र बाईनं तो ठेवून घेतला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर लेखाचा दुसरा भाग उतरवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच पाठवून दिला. (कागद चांगला होता म्हणे.) मी तो फाडायला घेतला होता. पण आधी वाचला, आणि वाचल्यावर लिहून काढला. एक नुक्ता इकडचा तिकडे केलेला नाही. दुसऱ्या भागात मी पहिल्यापेक्षा वाईट आहे. आणि लेख पहिल्यापेक्षा चांगला आहे, हे कातिब म्हणून सांगतो.

पुन्हा ता. क. तुमच्या बहिणीला निरोप द्यावा, की साखरेच्या डब्याचं कुलूप काढून टाकलं आहे. मुंग्या लागल्या, पण त्याचं काही नाही.

आणखी एक, आणि खरं म्हणजे यासाठीच कागद घेतला होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी एक ओळ आहे, ती अमतुलबीनं लाल शाईनं खोडली आहे. खोडलं तरी वाचता येतं. ओळ अशी: ‘एक मात्र सांगते, त्यांचं अक्षर मला वाचता येत नाही, पण ते लिहायला बसले की मी हातातलं काम सोडून बघत बसते.’ बाजूला बाईचा शेरा: ‘ही ओळ कातिबानंच घुसवली असं वाचक म्हणतील. वगळा.’ मी पडद्यापुढे पुष्कळ विनवण्या केल्या. आयुष्यात कोणापुढे केल्या नव्हत्या इतक्या. ती म्हणते, लेखिकेनं स्वतःच्या हातानं कळवलं तर ठेवीन, कातिबाच्या सांगण्यावरून ठेवणार नाही. पुढल्या जुम्याला दगड चढायचा आहे. कधी कधी मला असंही वाटतं, की माझी दया येऊन बाईनंच ती ओळ घातली आणि मला दिसावी म्हणून खोडली. मूळ कागद ती दाखवत नाही, तो नियम तुम्हाला सांगितलाच आहे. तेव्हा बद्रीनाथराव, हात जोडतो, एवढं करा. ती छापवावी की नाही, हे तिच्यावर सोडा. तिनं परत यावं की नाही, हेही विचारू नका, मी आपला वाट बघतो. तुळजाला फक्त एवढंच विचारा, की ओळ तिची आहे का. आणि असेल तर ती कुठं बसून बघायची? सतरा वर्षांत मी एकदाही मान वर केली नाही.